दोऱ्याला बांधलेली पेन्सिल

लाइनीत शेजारचे आजोबा माझ्या पुढेच होते. लाइन कसली, सगळी मिळून चार माणसं. नाईट ड्यूटी संपवून मी हॉस्पिटलमधून थेट गावच्या हॉलवर आले होते, डोळे चुरचुरत होते, अंगावर कोट आणि आत युनिफॉर्म तसाच. ४ मे २०२३, गुरुवार, इंग्लंडमधल्या आमच्या या खेड्यात कौन्सिलच्या मतदानाचा दिवस. शनिवारी राजा चार्ल्सचा राज्याभिषेक होता म्हणून हॉलच्या छताला लाल पांढऱ्या निळ्या पताका आधीच लागल्या होत्या, लाकडी जमिनीला नुकतंच पॉलिश केल्याचा वास, त्यात आतल्या किचनमधून चहाचा वास, आणि खिडकीतून दिसणारं मोहरीसारखं पिवळंधम्मक शेत, इथे मे महिन्यात सगळीकडे फुललेलं असतं ते रेपसीडचं. टेबलामागे दोन बायका बसलेल्या, त्यातली एक आमच्याच गावातली, आजोबांच्या मागच्या गल्लीतली. आजोबांना बघून तिचा चेहरा फुलला, नाव घेऊन गुड मॉर्निंग म्हणाली, गुडघा आता कसा आहे विचारलं. त्यांनी पोल कार्ड, म्हणजे मतदानाआधी घरी येणारं मतदाराच्या नावाचं कार्ड, पुढे केलं. मग तिचा आवाज एकदम खाली आला. फोटो असलेलं काही आणलंय का?

आजोबांना आधी कळलंच नाही. तिने परत सांगितलं, यावर्षीपासून नियम आलाय, पासपोर्ट चालेल, ड्रायव्हिंग लायसन्स चालेल, म्हाताऱ्या माणसांचा बसपास चालेल. आजोबा एकेका नावाला मान हलवत राहिले. पासपोर्ट त्यांनी आयुष्यात काढलेला नाही, कधी देशाबाहेर गेलेच नाहीत. गाडी डोळ्यांमुळे सोडली तेव्हा लायसन्स परत करून टाकलं. आणि बसपास कशाला काढणार, गावात बसच येत नाही. शेवटी ते म्हणाले, अगदी साधेपणाने, आवाजात राग नाही काही नाही, "पण तू मला ओळखतेस ना?" ती म्हणाली, "ओळखते. पण माझ्या ओळखण्याने चालत नाही." तिचे डोळे भरलेले मी बघितले. आजोबा क्षणभर तिथेच उभे राहिले, कोपऱ्यातल्या फळीकडे बघत, जिथे दोऱ्याला बांधलेली पेन्सिल लोंबत होती. मग टोपी डोक्यावर घातली आणि दारातून बाहेर गेले.

पुढची मी. पर्समधून पासपोर्ट काढला. निळा, सोनेरी सिंहांचा, भारताचा. तिने फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं, आडनाव दोनदा चुकत वाचलं, यादीत रेघ मारली, मतपत्रिका दिली.

अर्धा मिनिट पण लागला नाही.

या गोष्टीला आता बराच काळ झाला पण मला ती सुटत नाही. खरंतर त्या दिवशी मी आनंदात असायला हवी होते, कारण इथे मत द्यायला मिळणार हे मला स्वतःलाच खरं वाटत नव्हतं. आदल्या वर्षी कौन्सिलकडून फॉर्म आला होता, घरात कोण कोण राहतं ते लिहून पाठवा म्हणून, त्यात नॅशनॅलिटीच्या रकान्यात मी इंडियन लिहिलं, मग माझ्या एकटीच्या नावाने रजिस्ट्रेशनचा फॉर्म आला, तोही नीट न वाचता भरून पाठवला आणि विषय विसरून गेले. मार्चमध्ये माझ्या नावाने पोल कार्ड आलं तेव्हा मला वाटलं यांची काहीतरी चूक झालीये, उगाच आपल्या व्हिसाला काही व्हायला नको, म्हणून मी वॉर्डातल्या सीनियर सिस्टरला विचारलं, केरळची आहे ती, वीस वर्षं झाली इथे. ती म्हणाली चूक नाही ग, आपण कॉमनवेल्थवाले, कायदेशीर राहतोय म्हणजे मत आहे आपल्याला, लोकलला पण आणि पार्लमेंटला पण. मी किती तरी वेळ ते कार्ड हातात धरून बसले होते. दीड-दोनशे वर्षं त्यांनी आपल्यावर राज्य केलं आणि आता त्याच नात्याच्या जोरावर कराड तालुक्यातली एक नर्स इंग्लंडमधल्या खेड्यात ठरवणार की इथलं कौन्सिल कोणी चालवायचं. ते बरोबर का चूक ते मला अजून ठरवता आलेलं नाही, पण छातीत काहीतरी हललं होतं एवढं खरं.

आणि त्याच वेळी तिकडे घरी काय चाललं होतं, तर साताऱ्याच्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ लाच संपलेली, प्रशासक बसलेला, निवडणुकीचा पत्ता नाही. दादा फोनवर म्हणायचा, इथे आम्हाला मत द्यायला मिळेना आणि तुला सातासमुद्रापार मिळतंय. हसून म्हणायचा, पण मला ते लागायचं. गावच्या यादीत माझं नाव असलं तरी उपयोग काय, मत टाकायला तिथे हजर पाहिजे.

आमचं हे गाव स्टोमार्केटपासून सहा मैलांवर, मिड सफक डिस्ट्रिक्टमध्ये. सपाट, चिकणमातीचा प्रदेश, पाऊस पडला की बुटाला किलोभर माती चिकटते, अगदी आमच्या काळ्या रानातल्यासारखी. जुनी घरं फिक्या गुलाबी रंगाची, काहींवर गवताची छपरं. सगळ्या डिस्ट्रिक्टची लोकसंख्या एक लाखाच्या थोडी वर, आमच्या एकट्या कराड तालुक्यात याच्या कितीतरी पट माणसं. निवडून द्यायचे ३४ जण. आणि त्यांच्या हातात काय, तर कचऱ्याचे डबे कधी उचलायचे, नवीन घरांना परवानगी द्यायची की नाही, कौन्सिलची भाड्याची घरं, असली कामं. रस्त्यातले खड्डे आणि शाळा त्यांच्याकडे नाहीत, ते वरच्या काउंटीकडे, म्हणजे आपल्या भाषेत पंचायत समिती आणि जिल्हा परिषद म्हणा. आणि खाली पॅरिश कौन्सिल, आपली ग्रामपंचायतच ती. तिची निवडणूक पण त्याच दिवशी होती पण आमच्या गावात जागांपेक्षा अर्जच कमी आले त्यामुळे सगळे बिनविरोध. बिनविरोध म्हणलं की माझ्या डोळ्यांसमोर गुलाल, हलगी, रात्रभर भावकीत चाललेल्या बैठका आणि माघारीच्या दिवशी तहसीलला लपवून नेलेली माणसं येतात. इथे हॉलच्या बाहेरच्या बोर्डावर टाचणीने एक कागद लावला, झालं.

प्रचार म्हणजे दाराच्या फटीतून आत पडणारी पत्रकं. घरासमोरच्या कुंपणात रोवलेल्या पाट्या. एका रविवारी दुपारी बेल वाजली तर चिखलाचे बूट घातलेल्या एक बाई उभ्या, मागे ना गाडी ना कार्यकर्ते, एकट्या. मी ग्रीन पार्टीकडून उभी आहे, म्हणाल्या, तुम्हाला काही विचारायचंय का. मला काय विचारावं सुचेना, मी म्हणलं बस नाही इथे. त्यांनी वहीत लिहून घेतलं. म्हणाल्या बस काउंटीकडे आहे, माझ्या हातात नाही, पण मी त्यांच्या मागे लागेन. माझ्या हातात नाही असं उमेदवार प्रचाराला येऊन सांगतोय हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, आणि तिथेच माझं मत ठरलं खरंतर. त्यांनी विजेच्या टॉवरचं पण सांगितलं. नॉर्विचपासून टिलबरीपर्यंत हाय टेन्शनची लाइन न्यायचीये, पन्नास-पन्नास मीटरचे टॉवर याच शेतांतून जाणार, गावोगावी त्याच्या विरोधातले बोर्ड लागलेत. समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज आणायला लाइन पाहिजे हे पण खरं, आणि ज्याच्या परसातून ती जाणार त्याचं दुःख पण खरं. आमच्या बांधावरून टॉवर गेला तेव्हा बाबा वर्षभर तहसीलला हेलपाटे घालत होते, त्यामुळे ते बोर्ड वाचताना मला परकं वाटायचं नाही.

आजोबांशी ओळख झाली ती बटाट्यामुळे. शेजारचंच घर त्यांचं. इथे वडीलधाऱ्या माणसाला पण तोंडावर नावाने हाक मारतात, मला ते काही केल्या जमत नाही, त्यामुळे मी नाव घेणं टाळते आणि मनात त्यांना आजोबाच म्हणते. पंधराव्या वर्षापासून याच परिसरातल्या शेतांवर राबले, बीट काढायचं, डुकरं सांभाळायची, नंतर ट्रॅक्टर. बायको जाऊन सहा वर्षं झाली. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात दारात बटाट्याची पिशवी ठेवून गेले होते, माती लागलेले, खाली ओलसर वर्तमानपत्र. मी त्याची मोहरी-हिरवी मिरची घालून भाजी केली आणि डबा भरून दिला. तिखट लागली असणार, पण डबा धुऊन परत आला आणि त्यात बिया होत्या, घेवड्याच्या. कुंपणाशी उभं राहून ते मला इथल्या मतदानाचं सांगायचे. अठराव्या वर्षाला मत द्यायचं वय नव्हतं त्यांच्या वेळेला, एकवीस होतं. तेव्हापासून एकही चुकवलं नाही म्हणाले, डिस्ट्रिक्टचं पण नाही, जे कोणी द्यायला जात नाही. त्यांच्या वडलांनी सांगून ठेवलेलं, आपल्यासारख्या दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्याला कोणी विचारत नाही, एक त्या हॉलमधली पेन्सिल तेवढी मालकाची आणि आपली सारखी. मी विचारलं पेन्सिल का, पेन का नाही. ते म्हणाले काय माहीत, पहिल्यापासून पेन्सिलच, आणि दोऱ्याला बांधलेली.

त्या पेन्सिलीनेच मी फुली मारली त्या दिवशी. बोथट होती, कागदावर तिचा खरखर आवाज आला. कागद दुमडून काळ्या पेटीत टाकला आणि सवयीने डावा हात पुढे केला. शाई लावायला. बाई माझ्याकडे बघत राहिल्या.

आता आजीचं सांगते कारण त्या दिवशी घरी येऊन झोपायला आडवी पडले तरी झोप लागली नाही, आणि सारखी आजीच आठवत होती. मी लहान असताना मतदान आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत असायचं, अजूनही तिथेच असतं. आजी नवं लुगडं नेसायची, मला बरोबर न्यायची. वर्गात बाकं एका बाजूला सारलेली, भिंतीवर बाराखडी, आणि दोन्ही पॅनेलची पोरं यादी घेऊन बसलेली. आजी दारात आली की कोणीतरी यादीवरून मान वर न करता म्हणायचं, आल्या आक्का, घ्या. आवाजावरून, चालीवरून, पैंजण नसले तरी पायांच्या आवाजावरून माणूस ओळखायचे. ओळख म्हणजे तेवढंच होतं तेव्हा. पुढे शेषन आले आणि फोटोची कार्डं सुरू झाली. शाळेतच एका पांढऱ्या कापडापुढे बसवून आजीचा फोटो काढला, डोक्यावरचा पदर सारखा करायला पण वेळ दिला नाही, आणि कार्ड आलं तेव्हा त्यात काळा चेहरा, नाव भलतंच, वय दहा वर्षांनी कमी. आजी ते कार्ड उलटंसुलटं करून बघत म्हणाली होती, "ह्यो कागद नसला तर मी न्हाई व्हय?"

पण तिने ते कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ट्रंकेत तळाशी ठेवलं. रेशनकार्डाच्या आणि सातबाऱ्याच्या शेजारी.

इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे, नाहीतर हे सगळं एकतर्फी होईल. कार्ड यायच्या आधीच्या एका निवडणुकीत आजी दुपारी मत द्यायला गेली, तर तिचं मत आधीच पडलेलं होतं. सकाळीच. कोण बाई आजीच्या नावाने शिक्का मारून गेली ते सगळ्या गावाला माहीत होतं, कोणत्या पॅनेलने पाठवली ते पण माहीत होतं, आणि ती यादी धरून बसलेली, आवाजावरून माणूस ओळखणारी पोरंच तेव्हा गप्प बसली होती. आजी शाळेच्या पायरीवर बसून रडली. नवऱ्याच्या मारानेपण रडली नसेल अशी बाई. म्हणजे ओळखीवर सगळं सोडलं की काय होतं ते पण मी बघितलंय, त्यामुळे फोटो मागणं वाईटच असं मी म्हणू शकत नाही. पण इथे, या देशात, दुसऱ्याच्या नावाने मत टाकल्याचे गुन्हे बोटावर मोजण्याइतके. आणि इलेक्शन कमिशनने नंतर मोजलं तेव्हा त्या एका दिवशी फोटो नाही म्हणून मत न देता परत गेलेले लोक निदान १४,००० निघाले, तेही टेबलापर्यंत पोचलेले तेवढेच, जे बाहेरची पाटी वाचून दारातूनच फिरले ते त्यात नाहीतच. चौदा हजारातला एक माझ्या पुढे उभा होता.

मला जे टोचतं ते हे की माझ्याकडे फाईल आहे. आपल्या सगळ्यांकडे असते. निळ्या प्लॅस्टिकची, चेन लावलेली, त्यात दहावीपासूनचे मार्कशीट, डोमिसाईल, जातीचा दाखला, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, पोलीस व्हेरिफिकेशन, व्हिसाची पत्रं, सगळ्याच्या तीन तीन झेरॉक्स आणि पाकिटात पासपोर्ट साइज फोटो. आपण कोण आहोत हे कोणीतरी कधीही विचारणार, आणि तोंडाने सांगून भागणार नाही, हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर शिकवलेलं असतं. आजोबांना कोणी कधी विचारलंच नव्हतं. जन्मले त्या घरापासून तीन मैलांच्या आत सगळं आयुष्य, चर्चच्या आवारात आई, वडील, बायको, तिघांचे दगड. त्यांच्याकडे फाईल नाही. त्यांच्याकडे फक्त त्यांचा चेहरा होता आणि तो ओळखणारी माणसं, आणि त्या सकाळी ते दोन्ही कमी पडलं. मी मात्र दोन वर्षांची पाहुणी, मला त्या खोलीत कोणी ओळखत नव्हतं, पण माझी ओळख पटली.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. ते बटाट्याच्या सरींना माती लावत होते. मी म्हणलं फ्रीमध्ये एक सर्टिफिकेट मिळतं, फोटोचं, कौन्सिलकडून, ज्यांच्याकडे काही नाही त्यांच्यासाठी. यावेळची तारीख गेली, २५ एप्रिललाच संपली, पण पुढच्या वेळेसाठी आपण काढू, मी फॉर्म भरते, मी फोनवर फोटो काढते. ते फावडं टेकून ऐकून घेत होते. म्हणाले पोल कार्डावर लिहिलेलं असेल ना ते सगळं. हो, लिहिलेलं होतं, मोठ्या कागदावर, यावर्षी मुद्दाम मोठं केलेलं कार्ड. पण त्यांना मधलं दिसत नाही आता, कडेकडेचं दिसतं फक्त. मग ते म्हणाले, नको. थँक्यू, पण नको. तिला मी माहितीये. तिच्या पोराला ट्रॅक्टर मी शिकवला.

एवढंच बोलले आणि परत मातीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी ब्रेकमध्ये मी फोनवर रिझल्ट बघितला. ३४ पैकी २४ ग्रीन, ६ कन्झर्व्हेटिव्ह, ४ लिबरल डेमोक्रॅट. देशात पहिल्यांदाच एखाद्या कौन्सिलात ग्रीन पार्टीला एकट्याच्या बळावर बहुमत मिळालं होतं, लंडनच्या पेपरवाल्यांनी आमच्या या कोपऱ्याचं नाव घेतलं. चिखलाच्या बुटांच्या बाई निवडून आल्या. मला आनंद झाला, खरंच झाला, मी टाकलेलं मत त्यात कुठेतरी होतं. गावात मात्र एक फटाका नाही, मिरवणूक नाही, गुलाल नाही. शनिवारी हॉलमध्ये त्याच पताकांखाली राज्याभिषेकाचा चहा झाला, मतदानाचं टेबल केक ठेवायला वापरलं होतं. आजोबा आले नाहीत. त्या टेबलामागच्या बाई मला किचनमध्ये भेटल्या, कप धूत होत्या, म्हणाल्या मी रात्रभर झोपले नाही ग, मी नियम मोडला असता तर माझ्या हातून गुन्हा झाला असता. मी म्हणलं मला माहितीये. आम्ही दोघी मिळून बरेच कप धुतले.

मला आजोबांचा राग पण येतो, हे पण लिहायला पाहिजे. माझी आजी शाळा न शिकलेली, पण कार्ड काढा म्हणल्यावर उन्हात तीन तास उभी राहून काढलं तिने, अपमान गिळला आणि मत सोडलं नाही. यांना शेजारची पोरगी घरी येऊन फॉर्म भरून देतीये तर नको. मग वाटतं आजीला सवय होती. आम्हाला कोणी विचारलं की आम्ही लगेच कागद शोधायला लागतो, तो मागणाऱ्याचा हक्क आहे का हे विचारायची वेळच कधी आली नाही. आजोबांनी तेवढं तरी विचारलं. ते बरोबर का मी बरोबर मला कळत नाही, पण दर निवडणुकीला एक मत कमी पडतं एवढं मला दिसतं.

४ जुलै २०२४ ला पार्लमेंटचं मतदान झालं तेव्हा तो फॉर्म माझ्या किचनमधल्या कपाटावर अर्धा भरलेला पडून होता, अजून आहे, त्यांचं नाव आणि पत्ता माझ्या अक्षरात. यावेळी आमच्या भागातून खासदार पण ग्रीनचाच गेला, एड्रियन रॅमसे. आणि आता म्हणे डिस्ट्रिक्टच राहणार नाही, सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये श्वेतपत्रिका काढलीये, डिस्ट्रिक्ट आणि काउंटी हे दोन थर मोडून एकाच थराची मोठी कौन्सिलं करायची. १९७४ पासूनचं मिड सफक, चिखलाच्या बुटांच्या बाई, वहीत लिहून घेतलेली बस, सगळंच जाणार.

त्या जुलैच्या दिवशी मी मत देऊन आले तर आजोबा कुंपणाशीच उभे होते, हातात घेवड्याच्या शेंगांची पाटी. माझी वाट बघत असावेत. गर्दी होती का, विचारलं. मी म्हणलं होती बऱ्यापैकी. टेबलाला कोण होतं? मी सांगितलं, त्याच बाई. त्यांनी मान हलवली. शेंगा माझ्या हातात दिल्या, ओंजळीने, दोनदा. मग जरा थांबून विचारलं, पेन्सिल अजून दोऱ्यालाच असते का.

मी म्हणलं हो. दोरा नवीन बांधलाय पण.

बरं, म्हणाले, आणि आत गेले.